छोट्या कंपनीचा स्वतःचा सीआय सर्व्हर: कार्यालयात काय ठेवावे आणि काय ठेवू नये

पणजीला पाटो भागात कार्यालय, आठ-नऊ जणांची टीम, हॉटेलांसाठी बुकिंगची प्रणाली हे मुख्य काम, कोड गिटहब या ऑनलाइन सेवेवरच्या खाजगी रेपॉझिटरींमध्ये (कोडच्या साठ्यांमध्ये), आणि बिल्डसाठी, म्हणजे कोड आपोआप बांधून तपासण्यासाठी, गिटहबच्या यंत्रांवर महिन्याला विनामूल्य मिळणारी २००० मिनिटे तिसऱ्या आठवड्यातच संपतात, अशी तुमची परिस्थिती आहे. कार्यालयात एक बरा डेस्कटॉप रिकामा पडून आहे. त्यावर सीआय सर्व्हर (कोड बदलला की बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारी यंत्रणा) म्हणून जेन्किन्स बसवावे की कोडसकट सगळे सांभाळणारे गिटलॅबच संपूर्ण स्वतःकडे आणावे, रॅम किती लागेल आणि पावसाळ्यात वीज गेली तर काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. गोव्यातल्या छोट्या कंपन्यांचे बिल्ड सर्व्हर उभारणे आणि सांभाळणे हेच बरीच वर्षे माझे काम असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

जेन्किन्स की गिटलॅब, हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. सीआय सर्व्हर या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन निराळी कामे येतात. एक काम समन्वयाचे: कोडमध्ये बदल झाला हे ओळखणे, कोणता जॉब (नेमून दिलेले काम) कधी चालवायचा ते ठरवणे, निकाल आणि लॉग जपून ठेवणे, पासवर्ड व टोकन सांभाळणे. दुसरे काम श्रमाचे: कोड उतरवून घेणे, लागणारी पॅकेजेस आणणे, कंपाइल करणे, चाचण्या चालवणे, इमेज (चालवायला तयार असे सॉफ्टवेअरचे गाठोडे) बनवणे. पहिल्या कामाला ताकद फारशी लागत नाही, पण ते सतत उपलब्ध असावे लागते आणि त्यातली माहिती हरवून चालत नाही. दुसऱ्याला प्रोसेसर, रॅम आणि डिस्क भरपूर लागते, मात्र त्या यंत्रावर जपून ठेवण्यासारखे काहीच नसावे. तुमची मिनिटे खर्च होतात ती या दुसऱ्या कामात. म्हणून माझा सल्ला असा, की समन्वय गिटहबवरच राहू द्यावा आणि कार्यालयातल्या डेस्कटॉपवर फक्त रनर, म्हणजे गिटहबकडून काम घेऊन ते चालवणारा प्रोग्राम, बसवावा. स्वतःच्या रनरवर चाललेले जॉब, हे लिहीत असतानाच्या नियमांप्रमाणे, त्या २००० मिनिटांत धरले जात नाहीत. तेवढ्याने तुमची मूळ अडचण सुटते, आणि नवा सर्व्हर सांभाळण्याची बरीचशी जबाबदारी तुमच्यावर येतही नाही.

हा सल्ला काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधी तपासून घ्या. एखाद्या ग्राहकाशी झालेल्या करारात कोड स्वतःच्या यंत्रांबाहेर ठेवू नये अशी अट असेल, तर समन्वयही तुमच्याकडेच ठेवावा लागेल. त्याविषयी पुढे लिहिले आहे. तुमच्या रेपॉझिटरींपैकी एखादी सार्वजनिक असेल, तर तिच्यासाठी कार्यालयातला रनर वापरूच नका. सार्वजनिक रेपॉझिटरीवर कोणीही अनोळखी माणूस पुल रिक्वेस्ट (कोड बदलण्याचा प्रस्ताव) पाठवू शकतो आणि तिच्यातून तुमच्या नेटवर्कमधल्या यंत्रावर स्वतःचा कोड चालवू शकतो. गिटहबनेही स्वतःचे रनर खाजगी रेपॉझिटरींपुरतेच वापरावेत अशी सूचना दिलेली आहे. आयफोनचे अ‍ॅप बनवत असाल तर त्या बिल्डसाठी अ‍ॅपलचे यंत्र लागतेच, लिनक्सच्या डेस्कटॉपवर ते होणार नाही. आणि शेवटचे, पण माझ्या अनुभवात सर्वांत निर्णायक: हे यंत्र कोण सांभाळणार, त्या व्यक्तीचे नाव ठरले आहे का? आठवड्यातले दोन-तीन तास त्यासाठी अधिकृतपणे राखून ठेवलेली एक व्यक्ती आणि तिच्या रजेत काम पाहणारी दुसरी, एवढी सोय नसेल तर जास्तीची मिनिटे विकत घेणे हेच प्रामाणिक उत्तर आहे.

आता गोव्यात हे वेगळे का पाहावे लागते ते सांगतो. कार्यालयातल्या यंत्राकडे बाहेरून कोणी जोडणी करायची म्हटले, की सार्वजनिक आयपी लागतो. आपल्याकडच्या पुष्कळशा साध्या फायबर जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी असतो. राऊटरच्या पानावर वॅनचा पत्ता पाहा, तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. अशा जोडणीवर जेन्किन्स बसवले तर गिटहबचा वेबहुक, म्हणजे बदल झाल्याचा निरोप, तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. मग दर काही मिनिटांनी रेपॉझिटरीत बदल झाला का ते विचारत बसायचे, किंवा स्टॅटिक आयपी घ्यायचा, किंवा बाहेरच्या एखाद्या लहान भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीचा बोगदा काढायचा. रनरचे तसे नाही. तो स्वतःच आतून बाहेर, पोर्ट ४४३ वरून, गिटहबशी जोडणी करतो आणि काम आहे का ते विचारतो. राऊटरमध्ये एकही पोर्ट उघडावा लागत नाही. रस्ता खोदताना फायबर तुटला आणि तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर किंवा मोबाइलच्या डेटावर गेलात, तरी आयपी बदलल्याचे रनरला काहीच वाटत नाही.

विजेचेही तसेच आहे. मेअखेरच्या वळवाच्या सरींपासून ते सप्टेंबरपर्यंत वीज जाणे, येणे आणि मध्येच व्होल्टेज खाली-वर होणे हे गृहीत धरूनच मांडणी करावी. समन्वय गिटहबवर असल्याने वीज गेली तरी जॉब रांगेत थांबून राहतात आणि रनर परत आला की चालू होतात. रांगेत २४ तासांहून अधिक काळ राहिलेला जॉब मात्र रद्द होतो. रनर १४ दिवसांहून अधिक काळ जोडला गेला नाही तर गिटहब त्याची नोंदच काढून टाकते, हेही लक्षात ठेवा. चवथीला कार्यालय चार-पाच दिवस बंद असते आणि गावी गेलेला कोणी पॉवरचे बटण दाबायला पणजीला येत नाही, म्हणून बायोसमध्ये वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू होईल अशी सेटिंग पहिल्याच दिवशी करा आणि रनर सिस्टमडीची, म्हणजे यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारी, सेवा म्हणून नोंदवा.

यूपीएस लाइन-इंटरअ‍ॅक्टिव्ह प्रकारचा, १ केव्हीएच्या आसपासचा पुरतो. त्याची यूएसबी केबल यंत्राला जोडून नेटवर्क यूपीएस टूल्स ही प्रणाली बसवली, तर बॅटरी संपत आल्यावर यंत्र शिस्तीत बंद होते. ही केबल खोक्यातच राहिलेली मी जागोजागी पाहतो. ती जोडली नाही तर यूपीएस फक्त काही मिनिटांची मुदत देतो, आणि बॅटरी संपताच यंत्र पूर्वीसारखेच धाडकन बंद पडते. घरगुती इन्व्हर्टरवर यंत्र चालवणार असाल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, कारण साध्या मोडमध्ये बदल होताना जो क्षणभर खंड पडतो तेवढ्यातही संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. राऊटर आणि फायबरचा छोटा डबाही त्याच यूपीएसवर घ्या. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मांडवीच्या काठाजवळच्या खाऱ्या हवेत जोडांवर गंज लवकर चढतो, आणि वीज कडाडते त्या रात्री सगळा भरवसा त्या जोडांवरच असतो.

यंत्राच्या ताकदीविषयी. फक्त रनर ठेवणार असाल तर हिशोब एकाच वेळी किती जॉब चालवायचे आहेत यावर करा. माझ्या अनुभवात फ्रंटएंडच्या बिल्डला २ ते ३ जीबी आणि डेटाबेससह चालणाऱ्या जावाच्या चाचण्यांना ३ ते ४ जीबी धरून चालावे. गिटहबचा एक रनर एका वेळी एकच जॉब चालवतो, म्हणून चार जॉब समांतर हवे असतील तर त्याच यंत्रावर चार रनर नोंदवावे लागतील, आणि त्यासाठी ३२ जीबी रॅम व सहा ते आठ कोअरचा प्रोसेसर पुरेसा होतो. पैसे खर्च करायचेच असतील तर ते डिस्कवर करा. बिल्डमध्ये हजारो लहान फाइली लिहिल्या आणि पुसल्या जातात, त्यामुळे जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर चांगला प्रोसेसरही वाट पाहत बसतो. १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या, आणि चाचण्यांपुरता जो डेटाबेस उभा राहतो त्याच्या फाइली रॅममध्येच, म्हणजे टीएमपीएफएसवर ठेवा. चाचणी संपली की तो डेटा कोणालाच नको असतो. असे यंत्र सरासरी ५० वॉट घेत असेल तर महिन्याला साधारण ३६ युनिट वीज जाते, तेवढा खर्च हिशोबात धरा.

सुरक्षिततेवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण याच ठिकाणी हयगय झालेली मला वारंवार आढळते. सीआयचे यंत्र दुसऱ्याने लिहिलेला कोड तुमच्या किल्ल्या हातात देऊन चालवते. तुमच्या टीमवर तुमचा विश्वास आहे, हे खरे. पण एका साध्या फ्रंटएंड प्रकल्पात एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारातली शेकडो पॅकेजेस येतात आणि त्यांतली काही स्थापनेच्या वेळी स्वतःच्या स्क्रिप्ट चालवतात. २०२१ मध्ये कोडकोव्ह या सेवेची बॅश स्क्रिप्ट हल्लेखोरांनी गुपचूप बदलली होती आणि ती ज्यांच्या सीआयमध्ये चालली त्यांच्या एन्व्हायर्न्मेंटमधली गुपिते बाहेर जात होती. मार्च २०२५ मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्स या नावाखालची, हजारो रेपॉझिटरींच्या जॉबमध्ये तयार तुकडा म्हणून वापरली जाणारी एक गिटहब अ‍ॅक्शन अशीच बाधित झाली आणि गुपिते बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. या दोन्ही प्रसंगी वापरणाऱ्यांनी स्वतः काही वावगे केले नव्हते.

त्यातून मी जे नियम पाळतो ते असे. रनर कधीही रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालवायचा नाही. त्यासाठी निराळा, सुडोने रूटचे अधिकार घेऊ न शकणारा वापरकर्ता करायचा. गिटहबचा रनर मुळात जॉब थेट त्या यंत्रावर चालवतो, कोणताही आडपडदा नसतो, त्यामुळे आधीच्या जॉबने मागे ठेवलेली फाइल पुढच्याला दिसते. म्हणून रनर इफेमरल पद्धतीने नोंदवावा, म्हणजे तो एकच जॉब घेतो आणि स्वतःची नोंद काढून टाकतो, आणि प्रत्येक वेळी त्याला नव्या कंटेनरमध्ये (त्याच यंत्रातल्या वेगळ्या कप्प्यात) किंवा त्याहून बरे म्हणजे नव्या व्हर्च्युअल मशीनमध्ये उभे करावे. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचे सॉकेट, म्हणजे त्याला हुकूम देण्याची वाट, कंटेनरच्या आत देणे ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत घातक सवय आहे. ज्याच्या हाती ते सॉकेट आहे त्याच्या हाती त्या यंत्राचे रूट आहे असेच समजावे. इमेज बनवायची असेल तर रूटलेस डॉकर किंवा पॉडमन वापरा. बाहेरच्या अ‍ॅक्शन टॅगने (आवृत्तीच्या नावाने) न घेता संपूर्ण कमिटच्या हॅशने (त्या बदलाच्या नेमक्या ओळखक्रमांकाने) घ्या, कारण टॅग नंतर दुसऱ्या कमिटकडे वळवता येतो, हॅश वळवता येत नाही. प्रत्यक्ष सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवण्याची की चाचण्यांच्या जॉबला दिसताच कामा नये. ती वेगळी ठेवावी, आणि मुख्य ब्रँचपुरती (कोडच्या मुख्य शाखेपुरती) व कोणाच्या तरी मंजुरीनंतरच वापरली जावी. आणि हे यंत्र कार्यालयाच्या मुख्य नेटवर्कवर ठेवू नका. राऊटरमध्ये वेगळा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा निराळा कप्पा, करून त्याला इंटरनेटकडे जाऊ द्या, पण हिशोबाच्या संगणकाकडे, फाइल सर्व्हरकडे आणि प्रिंटरकडे जाऊ देऊ नका. छोट्या कार्यालयात हे काम एका दुपारचे आहे, आणि पुढे काही बिघडले तर नुकसान त्या एका खोक्यापुरते राहते.

इथवरचे थोडक्यात: समन्वय बाहेर, श्रम कार्यालयात, जोडणी आतून बाहेर, यंत्रावर कायमचे काही नाही, आणि त्याला जितके कमी ठाऊक तितके बरे.

कार्यालयातल्या रनरचा खरा वेग कॅशमधून (आधी आणलेल्या गोष्टींच्या साठ्यातून) येतो, आणि इथे सीजीनॅटचा आणखी एक परिणाम दिसतो. डॉकर हब या इमेजच्या सार्वजनिक भांडाराने २०२० पासून लॉगिन न करता इमेज उतरवण्यावर आयपीच्या पत्त्यानुसार मर्यादा घातली आहे. तुमचा पत्ता इतर ग्राहकांबरोबर वाटलेला असेल तर ती मर्यादा तुमच्या आधी दुसऱ्याच कोणी संपवलेली असू शकते, आणि सकाळी चालणारा बिल्ड दुपारी कारण नसताना अडतो. दोन उपाय आहेत: डॉकर हबचे खाते करून लॉगिनसह इमेज उतरवणे, आणि त्याच नेटवर्कवर एक स्थानिक रजिस्ट्री मिरर ठेवणे, जी एकदा आणलेली इमेज पुन्हा इंटरनेटवरून आणत नाही. मी दोन्ही करतो. एनपीएमसाठी व्हर्डाचिओ हेच काम करते. मात्र कॅश एका जॉबमधून दुसऱ्यात जाते तेव्हा घाणही त्याच वाटेने जाऊ शकते, म्हणून मुख्य ब्रँचच्या प्रकाशनाचा बिल्ड मी नेहमी कॅशविना करतो. तो थोडा सावकाश होतो, ते चालते.

कॅश आली की डिस्क भरते. माझ्याकडे येणाऱ्या बंद पडलेल्या बिल्ड सर्व्हरांपैकी बहुतेकांचे कारण डिस्क भरणे हेच असते, आणि त्यावेळी मिळणारा एरर मात्र भलत्याच गोष्टीकडे बोट दाखवतो. दररोज रात्री जुन्या इमेज आणि बिल्ड कॅश साफ करणारा टायमर लावा, आणि डिस्क ८० टक्के झाली की टीमच्या चॅटवर संदेश येईल अशी सोय करा. मोकळ्या जागेबरोबर मोकळे आयनोडही (डिस्कवर प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदी) तपासा, कारण नोडच्या प्रकल्पांतल्या असंख्य लहान फाइलींमुळे जागा शिल्लक असतानाही आयनोड संपू शकतात. वेळापत्रकाने चालणारे जॉब लावताना गिटहबचे घड्याळ यूटीसीवर चालते हे ध्यानात ठेवा. आपल्या रात्रीच्या दोन वाजता हवे असेल तर आदल्या दिवसाचे २०:३० लिहावे लागते.

आता करारामुळे किंवा अन्य कारणाने सगळेच स्वतःकडे ठेवावे लागले तर. गिटलॅब संपूर्ण बसवायचे झाल्यास केवळ त्याच्यासाठी किमान ८ जीबी रॅम बाजूला काढा, आणि त्याचा रनर त्याच यंत्रावर ठेवू नका. तुमच्याएवढ्या टीमला माझी पसंती फोर्जेजो किंवा गिटी या हलक्या, स्वतःकडे बसवता येणाऱ्या गिटहबसारख्या प्रणालींना आहे, गिटीमध्ये १.१९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, गिटहबसारख्याच वाक्यरचनेत लिहिलेले अ‍ॅक्शन चालतात, ते फारच कमी रॅममध्ये भागवून घेते, आणि आज लिहिलेल्या वर्कफ्लो फाइली (कोणते जॉब कसे चालवायचे हे सांगणाऱ्या) पुष्कळशा तशाच वापरता येतात. जेन्किन्सला मी कमी लेखत नाही. २०११ मध्ये हडसनचे नाव बदलून ते पुढे आले, तेव्हापासून अवघडातले अवघड बिल्ड त्याने पेलले आहेत, आणि विचित्र हार्डवेअर जोडून चाचण्या घ्यायच्या असतील, जसे वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एम्बेडेड प्रणाली बनवणाऱ्या टीमना लागते, तिथे मी आजही तेच बसवतो. पण त्याचे प्लगइन हे रोजचे सांभाळण्याचे काम आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या कमांड लाइनच्या सोयीत एक गंभीर दोष उघड झाला, ज्यामुळे बाहेरच्या माणसाला सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या, तो २.४४२ आणि दीर्घकालीन शाखेच्या २.४२६.३ या आवृत्त्यांत दुरुस्त झाला. अशी सूचना आली की त्याच दिवशी अपडेट करणारा माणूस तुमच्याकडे हवा. जेन्किन्स बसवलेच तर मुख्य नोडवरचे एक्झिक्युटर शून्य करा, सगळे बिल्ड वेगळ्या एजंटवर चालवा, आणि ते इंटरनेटवर उघडे न ठेवता व्हीपीएनच्या मागेच ठेवा.

बॅकअपचा प्रश्न या दुसऱ्या मार्गावरच येतो, आणि त्यात एक खाच आहे. जेन्किन्समधले पासवर्ड ज्या किल्लीने कुलूपबंद असतात ती मास्टर की त्याच्या सीक्रेट्स फोल्डरमध्ये असते. ती नसेल तर बाकी सगळा बॅकअप असूनही साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत. गिटलॅबच्या नेहमीच्या बॅकअप कमांडमध्ये गिटलॅब-सीक्रेट्स ही फाइल मुद्दामच घेतली जात नाही, ती स्वतंत्रपणे जपावी लागते. या किल्ल्या बॅकअपच्या शेजारी न ठेवता निराळ्या जागी ठेवा, आणि बॅकअपची एक प्रत कार्यालयाच्या इमारतीबाहेर असू द्या.

सुरुवात करताना सगळे एकदम वळवू नका. सर्वांत जास्त मिनिटे खाणारी एक रेपॉझिटरी निवडा आणि दोन आठवडे फक्त तिचे चाचण्यांचे जॉब स्वतःच्या रनरवर चालवा. डिप्लॉयमेंट तूर्त तिकडे नेऊ नका. वर्कफ्लो फाइलमध्ये रनरचे नाव थेट लिहिण्याऐवजी ते रेपॉझिटरीच्या एका व्हेरिएबलमधून घ्या. असे केले की कार्यालयातली वीज किंवा नेट गेल्यावर तेवढे एक व्हेरिएबल बदलून सगळे जॉब गिटहबच्या यंत्रांवर पाठवता येतात, आणि तुमची विनामूल्य २००० मिनिटे रोज न खर्चता अशाच प्रसंगांसाठी शिल्लक राहतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या ग्राहकांची हॉटेले भरलेली असतील आणि बुकिंगमधली एखादी चूक तासाभरात दुरुस्त करून पाठवावी लागेल, तेव्हा ही सोय फार कामाला येईल.

यंत्र उभारताना टाइप केलेली प्रत्येक गोष्ट अ‍ॅन्सिबलच्या फाइलीत किंवा साध्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहून ती रेपॉझिटरीत ठेवा. मग पुढच्या मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, एखाद्या शनिवारी त्या डेस्कटॉपची डिस्क मुद्दाम पूर्ण पुसा, आणि ज्याने तो पहिल्यांदा उभारला त्याला न विचारता टीममधल्या दुसऱ्या कोणालातरी तो त्या फाइलींवरून पुन्हा उभारायला सांगा. अर्ध्या दिवसात पहिला बिल्ड हिरवा झाला तर मांडणी बरोबर आहे; जिथे त्याला फोन करून विचारावे लागले, ती पायरी त्याच दिवशी फाइलीत लिहून टाका.